इंग्रजी लेखन-परीक्षेची पूर्वतयारी

उच्च शिक्षण, रुग्णसेवा, तांत्रिक व्यवसाय वा अन्य कारणांनी परदेशी जाऊ इच्छिणारे तरुण आता केवळ मोठ्या शहरांतच आढळतात असे नाही. गोव्यातील तालुक्यांत, बेळगाव-खानापूर परिसरात, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही अशी मुलेमुली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असते. परदेशी विद्यापीठ वा नोकरी देणारी संस्था जेव्हा इंग्रजीच्या प्रावीण्याचा दाखला मागते, तेव्हा त्यांना व त्यांच्या पालकांना सर्वाधिक धास्ती वाटते ती लेखनाच्या भागाची. ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीवरूनही उमेदवारांचे सरासरी गुण लेखनातच सर्वांत कमी पडतात असे दिसते. तथापि या भागाचे स्वरूप नीट समजून घेतल्यास आणि काही महिने नियमित अभ्यास केल्यास खेड्यातील विद्यार्थ्यालाही त्यात यश मिळवता येते. त्यासाठी लागणारी बरीचशी शिदोरी त्याला त्याच्या मराठी शाळेनेच दिलेली असते.

परकीयांपुढे इंग्रजीतून आपले म्हणणे मांडण्याचा प्रसंग मराठी माणसाला नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. वडोदरा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आज अशा प्रवेशाआधी प्रमाणित भाषा-परीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागतो, एवढाच फरक.

परीक्षेचे स्वरूप

या प्रकारच्या परीक्षांपैकी आपल्याकडे अधिक परिचित असलेली परीक्षा म्हणजे ‘इंटरनॅशनल इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सिस्टीम’, अर्थात आयईएलटीएस. बोलताना तिला ‘आयेल्ट्स’ असे म्हणतात. ती १९८९ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी ही ऑस्ट्रेलियन संस्था आणि केंब्रिज विद्यापीठाचा प्रकाशन व परीक्षा विभाग यांच्याकडे तिची संयुक्त मालकी आहे. भारतात २०२१ पासून तिचे आयोजन आयडीपीकडे आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग असतात. तीत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शेरा मिळत नाही. प्रत्येक भागासाठी ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या टप्प्याने गुण दिले जातात व चारही भागांच्या सरासरीवरून एकूण श्रेणी ठरते. निकाल सामान्यतः २ वर्षे ग्राह्य मानला जातो.

किती गुण पुरेसे हे मागणी करणारी संस्था ठरवते. अनेक संस्था एकूण सरासरीबरोबरच प्रत्येक भागासाठीही किमान श्रेणी मागतात, आणि गोची होते ती येथेच. वाचन व श्रवणात ८ मिळवणारा उमेदवार लेखनात अर्ध्या अंकाने कमी पडला, तर सरासरी उत्तम असूनही त्याचा अर्ज अडून राहतो. लेखनाची ही अडचण जगभरची आहे. ब्रिटनमधील परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने लेखनाची किमान अट डिसेंबर २०१८ मध्ये ७ वरून ६.५ वर आणली. अन्य तीन भागांची ७ ची अट मात्र त्या वेळी तशीच ठेवण्यात आली.

लेखनाच्या भागासाठी ६० मिनिटे मिळतात. त्यात दोन प्रश्न असून दोन्ही सोडवावे लागतात. पहिल्याचे उत्तर किमान १५० शब्दांचे असावे व त्यास साधारण २० मिनिटे द्यावीत. दुसरा प्रश्न निबंधाचा असतो. त्याचे उत्तर किमान २५० शब्दांचे असावे व त्यास ४० मिनिटे राखून ठेवावीत. गुण देताना दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरले जाते. पहिल्याच प्रश्नात रेंगाळून अर्धा तास घालवणारा उमेदवार स्वतःचे मोठे नुकसान करून घेतो.

परीक्षेचे मुख्य प्रकार दोन आहेत. विद्यापीठीय प्रवेशासाठी बहुधा ‘अकॅडेमिक’ प्रकार लागतो. त्यातील पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा वा एखाद्या प्रक्रियेची आकृती देऊन तिचे वर्णन करण्यास सांगितले जाते. स्थलांतरासाठी, उदाहरणार्थ कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ योजनेसाठी, ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकार लागतो आणि त्यात पहिला प्रश्न पत्रलेखनाचा असतो. आपल्याला कोणता प्रकार हवा याची खातरजमा संबंधित संस्थेकडून करून घेतल्याखेरीज शुल्क भरू नये. डॉक्टर, परिचारिका आदींसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षाही आहे. तीत रुग्णाच्या नोंदी वाचून त्यांच्या आधारे पत्र लिहावयाचे असते.

परीक्षक काय पाहतात?

उत्तर तपासण्याच्या चार कसोट्या परीक्षा-संस्थांनी जाहीर केलेल्या असून चारहींना समान महत्त्व आहे. विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले आहे काय, ही पहिली कसोटी. विचारांची मांडणी सुसंगत असून परिच्छेद एकमेकांशी नीट जोडलेले आहेत काय, ही दुसरी. शब्दसंपत्ती पुरेशी व अचूक आहे काय, ही तिसरी. आणि वाक्यरचनेत विविधता व शुद्धता आहे काय, ही चौथी.

या चार कसोट्यांकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दोन, म्हणजे निम्मे गुण, प्रश्न समजून त्याचे उत्तर क्रमाने मांडण्यासाठी आहेत. व्याकरण महत्त्वाचे आहेच, परंतु त्याच्या वाट्याला एक चतुर्थांश गुण येतात. उमेदवार कोणत्या मताचा आहे याला गुण नसतात. ते मत त्याने कसे मांडले व कशाच्या आधारे सिद्ध केले याला असतात. ब्रिटिश व अमेरिकन यांपैकी कोणतेही वर्णलेखन चालते. मात्र एकाच उत्तरात दोहोंची सरमिसळ करू नये.

पाठांतराचा तोटा

आपल्याकडील शालेय निबंधाची एक ठरावीक घडण आहे. आरंभी सुभाषित वा थोर पुरुषाचे वचन, मध्ये अलंकारिक वर्णन आणि शेवटी शुभेच्छा. मराठीच्या वर्गात तिला स्थान आहे. या परीक्षेत मात्र ती उपयोगी पडत नाही. ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ यासारखी घासून गुळगुळीत झालेली वाक्ये, किंवा कोठल्याही विषयाला जोडता येतील असे तयार परिच्छेद परीक्षकाच्या तत्काळ लक्षात येतात. पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते आणि अशा मजकुरासाठी गुण कमी होतात. प्रश्नातील वाक्ये जशीच्या तशी उतरवल्यास ते शब्दही उमेदवाराच्या लेखनात धरले जात नाहीत. निबंधांच्या छापील संग्रहांवर किंवा तयार साच्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी पालकांनी ही गोष्ट लक्षात घेणे हितावह ठरेल.

पहिला प्रश्न : तक्त्याचे वर्णन आणि पत्र

समजा, तीन गावांच्या दूध-संकलनाचा दहा वर्षांच्या अंतराने घेतलेला तक्ता दिला आहे. पहिल्या गावाचे दैनिक संकलन ४०० लिटरवरून ९०० लिटरवर गेले, दुसऱ्याचे ७०० वरून ७२० वर आणि तिसऱ्याचे ६०० वरून ३५० वर आले. सर्वसाधारण उमेदवार हे सहाही आकडे ओळीने लिहून काढतो व मोकळा होतो. जाणता उमेदवार आधी चित्राचे सार सांगतो: पहिल्या गावाचे संकलन दुपटीहून अधिक वाढले, दुसऱ्याचे जवळजवळ स्थिर राहिले, तर तिसऱ्याचे बरेच घटले, आरंभी सर्वांत मागे असलेले गाव अखेरीस सर्वांत पुढे गेले. या सारांशानंतर निवडक आकडे देऊन तुलना केली की उत्तर पूर्ण होते. तिसऱ्या गावात चाऱ्याची टंचाई पडली असावी, असा तर्क मात्र करू नये. तक्त्यात जे नाही ते उत्तरातही नसावे.

सरकारी कचेरीत ज्यांनी कधी गोषवारा तयार केला आहे, त्यांना हे कौशल्य परिचित असेल. जाड फाइलीतून साहेबांपुढे ठेवण्याजोग्या चार ओळी काढणे आणि आलेखातून चार मुख्य गोष्टी काढणे या दोहोंची रीत एकच आहे.

जनरल ट्रेनिंगमधील पत्रात प्रसंग व तीन मुद्दे दिलेले असतात. तिन्ही मुद्द्यांना उत्तर आले पाहिजे. एक जरी राहिला तरी गुण घटतात. मित्राला लिहिलेल्या पत्राची भाषा घरगुती असावी, तर अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राची औपचारिक. पत्ता लिहिण्याची आवश्यकता नसते. ‘आय बेग टू स्टेट’, ‘काइंडली डू द नीडफुल’ ही आपल्या कचेऱ्यांत रूढ झालेली वाक्ये मात्र टाळावीत. आपणांस नेमके काय हवे आहे ते सरळ व सभ्य शब्दांत सांगणे हीच आजच्या इंग्रजी पत्राची रीत आहे.

दुसरा प्रश्न : निबंध

निबंधात एखादे मत देऊन त्याच्याशी आपण कितपत सहमत आहात असे विचारले जाते, किंवा दोन्ही बाजूंची चर्चा करण्यास, कारणे व उपाय सांगण्यास, फायदे व तोटे तोलण्यास सांगितले जाते. नेमके काय विचारले आहे ते दोनदा वाचणे ही तयारीची पहिली पायरी होय.

उदाहरणार्थ, ‘पटसंख्या कमी असलेल्या खेड्यातील शाळा बंद करून तेथील मुलांना मोठ्या शाळेत पाठवावे, या मताशी आपण कितपत सहमत आहात?’ असा प्रश्न आला असे धरू. अनेक उमेदवार ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर अडीचशे शब्द लिहून येतील. भाषा निर्दोष असली तरी ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. येथे गावातील शाळा बंद कराव्यात की नाही, याविषयी भूमिका हवी आहे.

लेखनास आरंभ करण्यापूर्वी पाच मिनिटे आराखड्यासाठी द्यावीत. तो असा असू शकेल. भूमिका: प्राथमिक वर्गांपुरते हे मत मान्य नाही, माध्यमिक वर्गांपुरते मान्य आहे. पहिला मुद्दा: सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज दूर पाठवणे पालकांना अवघड जाते व गैरहजेरी वाढते, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की रस्ताच बंद होतो. दुसरा मुद्दा: वरच्या वर्गांना प्रयोगशाळा व प्रत्येक विषयाचा स्वतंत्र शिक्षक लागतो, तो लहान शाळेला मिळत नाही; यास्तव वाहनाची सोय करून मोठ्या शाळेत पाठवणे योग्य. समारोप: शाळेचा निर्णय केवळ पटसंख्येवर न घेता मुलाचे वय व अंतर पाहून घ्यावा.

एवढा आराखडा तयार झाला की चार परिच्छेद आपोआप ठरतात. प्रस्तावनेत प्रश्न आपल्या शब्दांत मांडून भूमिका सांगावी. मधल्या दोन परिच्छेदांत प्रत्येकी एकच मुद्दा घेऊन त्याचे कारण व उदाहरण द्यावे. समारोपात नवीन मुद्दा आणू नये. उदाहरण लंडन वा न्यूयॉर्कचेच असावे असा नियम नाही. आपल्या गावचे, पाहण्यातले उदाहरण अधिक नेमके असते आणि तेथे लिहिण्यास शब्दही सुचतात. लेखनासाठी तीस मिनिटे व अखेरच्या तपासणीसाठी पाच मिनिटे ठेवावीत. मुद्द्यांची यादी करून उत्तर देऊ नये. ते सलग गद्यातच असावे.

मराठी भाषकांच्या नेहमीच्या चुका

प्रत्येक भाषेचा माणूस इंग्रजी लिहिताना आपल्या भाषेचे वळण सोबत नेतो. मराठी भाषकांच्या काही चुका नित्याच्या असल्याने त्या हेरून दूर करता येतात.

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळली जातात वा नको तेथे घातली जातात. तपासणीच्या वेळी केवळ नामांवरून नजर फिरवून ही एकच गोष्ट पाहण्याची सवय लावावी.

‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो. त्यावरून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहिले जाते. ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे शुद्ध रूप होय. कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’, हा नियम पक्का करावा.

‘विषयी चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’ या शब्दांना अनेकवचनाचा ‘एस’ जोडणे हीही नेहमीची चूक आहे.

‘बाजारात जाऊन, भाव विचारून, सामान घेऊन तो परतला’ असे लांब वाक्य मराठीत सहज पेलते. इंग्रजीत तेच ‘अँड’ने जोडत नेले की वाक्य सैल पडते. एका वाक्यात एक वा दोन क्रिया ठेवाव्यात, आणि लहान वाक्यांबरोबर ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’, ‘विच’ यांनी जोडलेली वाक्येही योजावीत.

लाख आणि कोटी ही आपली मोजमापे परदेशी वाचकास अपरिचित असतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन व एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे रूपांतर हातचे असावे.

तीन महिन्यांचा अभ्यासक्रम

ज्यांचे शालेय इंग्रजी बरे आहे, त्यांना रोज एक तास याप्रमाणे तीन महिन्यांचा अभ्यास उपयुक्त ठरेल. पहिल्या महिन्यात घड्याळ बाजूला ठेवावे. वाचनालयात येणाऱ्या इंग्रजी दैनिकातील एक अग्रलेख वाचून त्याचा पाच वाक्यांत गोषवारा आधी मराठीत व मग इंग्रजीत लिहावा. मराठीत सार न सापडल्यास ते इंग्रजीत सापडणार नाही, याची प्रचीती याच सरावात येते. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, वडोदऱ्याचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या संस्थांचा व तालुक्यातील वाचनालयांचा या कामी उपयोग करून घ्यावा.

दुसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन तक्ते वा पत्रे व दोन निबंध लिहावेत. प्रत्येक लेखन शिक्षकाकडून तपासून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी तोच निबंध सुधारून पुन्हा लिहावा. चार नवे निबंध लिहिण्यापेक्षा एकच निबंध दोनदा लिहिल्याने अधिक लाभ होतो, कारण आपल्या चुकांची उजळणी त्यातच होते. तिसऱ्या महिन्यात घड्याळ लावून ६० मिनिटांत दोन्ही प्रश्न सोडवण्याचा सराव करावा. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांनी टंकलेखनाचा वेगही वाढवावा. संगणकावर शब्दसंख्या पडद्यावर दिसते. कागदावर लिहिणाऱ्याने आपल्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते आधीच मोजून ठेवावे.

येथे माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरते. तपासताना प्रत्येक चूक लाल शाईने रंगवण्याऐवजी ‘प्रश्नाचे उत्तर आले काय?’ हा शेरा त्यांनी प्रथम लिहावा व व्याकरणाची एकच चूक निवडून त्या आठवड्यात तिच्यावर भर द्यावा. एका गावातील तीन-चार उमेदवारांनी एकत्र येऊन परस्परांचे लेखन वाचले तरी पुष्कळ काम होते.

फसवणुकीपासून सावधगिरी

परीक्षा-शुल्क सामान्य कुटुंबास जड वाटावे असेच असते. त्यामुळे ठरावीक श्रेणीची हमी देणाऱ्या, प्रश्नपत्रिका आधी मिळवून देतो असे सांगणाऱ्या वा परीक्षेविना प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. अशी हमी कोणासही देता येत नाही. प्रमाणपत्राची सत्यता परदेशी संस्था थेट पडताळून पाहू शकतात, आणि खोटे प्रमाणपत्र उघडकीस आल्यास प्रवेश व व्हिसा दोन्ही गमावण्याची पाळी येते. नोंदणी अधिकृत संस्थेकडेच करावी. भारतात ओळख पटवण्यासाठी वैध पारपत्र लागते, म्हणून त्याची मुदत व त्यावरील नाव आधी तपासून घ्यावे.

निकाल अपेक्षेहून कमी आल्यास सहा आठवड्यांच्या आत शुल्क भरून फेरतपासणी मागता येते; श्रेणी वाढल्यास ते शुल्क परत मिळते. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना २०२३ पासून आपल्याकडे चारपैकी एकाच भागाची परीक्षा ६० दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय उपलब्ध झाली आहे. सर्वच संस्था असा निकाल मान्य करत नसल्याने त्याविषयी आधी विचारणा करावी. लेखनात अर्ध्या अंकाने अडलेल्या उमेदवारास ही सोय विशेष उपयोगी पडणारी आहे.

उमेदवाराने या परीक्षेकडे आपल्या बुद्धीचा वा घराण्याच्या शिक्षणाचा निवाडा म्हणून पाहू नये. परक्या देशात गेल्यावर प्राध्यापकाला अहवाल, वरिष्ठांना पत्र आणि सहकाऱ्याला सूचना लिहिता येईल काय, एवढेच ती पाहते. विचारलेले समजून घेणे, त्यावर विचार करणे आणि तो विचार क्रमाने, साध्या शब्दांत उतरवणे ही सवय ज्याने मराठीत लावून घेतली आहे, त्याने इंग्रजीचे व्याकरण व शब्द यांवर काही महिने कसून मेहनत घ्यावी. गावच्या शाळेतील शिक्षक आणि वाचनालय यांची त्याला या कामी साथ लाभली, तर महागड्या शिकवणीच्या शोधात शहर गाठण्याची गरज पुष्कळांना पडणार नाही.